घरबसल्या शिकवणी : कमाई खरी, पण काटा चोख हवा



गेल्या हंगामात काट्यापुढच्या रांगेत ट्रॅक्टर लावून एक सभासद आमच्याकडे आले. म्हणाले, “साहेब, पोरगी एम.एस्सी. ॲग्री झाली. नोकरी लागंना. ती म्हणती, मोबाईलवर पोरांना शिकवलं की पैसे भेटतात. हे खरं हाय का नुसता खेळ?” तेव्हा आम्हांला धड उत्तर देता आले नाही. हाच प्रश्न आज बऱ्याच घरांत आहे. म्हणून चौकशी करून जे कळले ते येथे मांडत आहोत.

प्रथम परीक्षा कोणती ते समजून घेऊ. बी.एस्सी. (कृषी) झाल्यावर एम.एस्सी.ला जायचे तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते. राहुरी, अकोला, दापोली आणि आपले परभणी या चार कृषी विद्यापीठांसाठी महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेची परीक्षा असते. देशपातळीवरील जागांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची वेगळी परीक्षा असते. २०१९ पासून ती एन.टी.ए. ही संस्था घेत आली आहे. या दुसऱ्या परीक्षेत उत्तर चुकले की गुण कापला जातो. म्हणून नुसते वाचून भागत नाही, घड्याळ लावून सराव करावा लागतो आणि चुका दाखवणारा माणूस लागतो. कमाईची जागा इथेच आहे.

या कामाला आपला जिल्हा सोयीचा आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली सुरू झाले; २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. ही परीक्षा पार केलेली मुले-मुली आपल्याच गावांत आहेत. पुस्तके इंग्रजीत आणि शिकणारी बरीच मुले खेड्यातली. त्यांना इंग्रजी शब्द मराठीत फोड करून सांगणारा हवा असतो. जिने बापाच्या उसात हुमणी पाहिली आहे, तिला कीटकशास्त्रातली हुमणी शिकवायला चित्र शोधत बसावे लागत नाही. पालम किंवा जिंतूरच्या खेड्यात बसूनही हे जमते; फक्त मोबाईलला रेंज पाहिजे.

आता हिशेब. समजा २० विद्यार्थी मिळाले आणि तीन महिन्यांची फी प्रत्येकी १,५०० रुपये ठेवली. जमा झाले ३०,००० रुपये. इंटरनेट, माईक, सराव परीक्षा तयार करण्याची व्यवस्था यांवर ६,००० गेले असे धरू. उरले २४,०००. तेरा आठवडे, आठवड्याला चार तास शिकवणे. पण एक तास शिकवायला तीन तास तयारी लागते. म्हणजे एकूण २०८ तास. तासाला पडले सुमारे ११५ रुपये. वाईट नाही, पण जाहिरातीतल्या ‘महिन्याला लाखो कमवा’ यापासून फार दूर आहे. दुसऱ्या वर्षी तीच तयारी पुन्हा कामी येते, तेव्हा पडता बरा पडतो. हे आडसाली उसासारखे आहे. लावले की लगेच तोड नाही.

यूट्यूबच्या जाहिरातींवर तर पहिल्या वर्षी विसंबूच नये. त्यातला वाटा मिळायला साधारणपणे १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तासांची पाहणी भरावी लागते. विषय एवढा खास, की पाहणारेही मोजकेच.

मोठ्यांचेही उदाहरण पाहू. केरळातल्या बायजू रवींद्रन यांनी आधी मित्रांना कॅट परीक्षेसाठी शिकवले. शिकवणे चांगले, म्हणून गर्दी वाढली. २०११ साली कंपनी झाली, २०१५ साली ॲप आले. पुढे २०२४ च्या जुलैत बंगळुरूच्या न्यायाधिकरणाने ती कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत घेतली. अर्ज क्रिकेट मंडळाचा होता आणि येणे होते सुमारे १५८ कोटींचे, संघाच्या जर्सीवर नाव झळकवल्याचे. टनेज वाढले म्हणजे उतारा वाढला असे नव्हे, हे ऊसवाल्याला वेगळे सांगायला नको.

आता कायद्याचे. ‘हमखास प्रवेश’ असे कधीही छापू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने शिकवणीच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध नियम केले. पास झालेल्या मुलाचे नाव व फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही. हे नियम ५० हून अधिक विद्यार्थ्यांच्या वर्गांसाठी आहेत. पण लहानांनीही पाळले तर नाव राहते. दुसऱ्याच्या पुस्तकाची नक्कल करून विकू नये. आणि ‘पेपर आतून काढून देतो’ म्हणणारा कोणी भेटला तर दारातूनच परत लावावा. २०२४ च्या कायद्याने अशा कामाला तीन ते पाच वर्षे कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. अशा भानगडीत पोराचे वर्ष जाते आणि बापाची उचलही.

त्या सभासदांना आमचे उत्तर असे : पोरगी म्हणते ते खरे आहे. पहिल्या वर्षी तिने दहा मुलांना फुकट शिकवावे. परीक्षा झाल्यावर त्या मुलांनी आपणहून दुसरी मुले पाठवली, तर धंदा आहे असे समजावे आणि मग फी लावावी. नाही पाठवली, तर फार नुकसान नाही.

घरच्यांनी मात्र एक गोष्ट करावी. तिला एक खोली आणि ठरलेले चार तास द्यावेत. ती घरातच बसलेली दिसते, म्हणून पाहुणा आला की चहाला हाक मारू नये. काट्यावरच्या बाबूला वजन करता करता कोणी उठवतो का? तसेच हे. घरात बसून केले तरी ते कामच आहे.