खाण तशी माती? – ‘अर्बन सी’ या घोडीची गोष्ट

आनुवंशिकतेचा धडा शिकवताना मेंडेलचे वाटाणे येतात, मग डोळ्यांचा रंग येतो आणि तेवढ्यात एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, मग हुशार आईबापांची मुलं हुशारच होतात का?" या प्रश्नाचं उत्तर वाटाण्यांवरून देता येत नाही. त्यासाठी एका घोडीची ओळख करून घेऊ.

तिचं नाव अर्बन सी. जन्म अमेरिकेतला, १८ फेब्रुवारी १९८९ चा. रंग तांबडा. अंगासारखीच आयाळ आणि शेपटीही तांबडीच. हा रंग लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. जात थरोब्रेड, म्हणजे महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर आपण पाहतो तीच. शर्यतीसाठी इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत ही जात तयार केली गेली. तिची वंशावळीची नोंदवही १७९१ पासून आहे. दुसऱ्या कुठल्याही प्राण्याच्या इतक्या पिढ्यांच्या इतक्या काटेकोर नोंदी क्वचितच सापडतील. आनुवंशिकतेच्या अभ्यासकांना या घोड्यांचं आकर्षण वाटतं ते त्यामुळे.

अर्बन सी फ्रान्समध्ये पळत असे. एकूण २४ शर्यतींत ती धावली आणि ८ जिंकली. चांगली कामगिरी, पण अद्भुत म्हणावी अशी नाही. ३ ऑक्टोबर १९९३ रोजी पॅरिसच्या लाँगशाँ मैदानावर ‘आर्क द त्रिओम्फ’ ही युरोपातली सर्वांत मानाची २४०० मीटरची शर्यत होती. अर्बन सी जिंकेल असं फारसं कुणालाच वाटत नव्हतं. तिच्यावर लावलेल्या एका रुपयाला ३७ रुपये मिळावेत असा भाव होता, यावरून काय ते समजा. जॉकी एरिक सँ-मार्तां याने तिला शेवटच्या टप्प्यात पुढे काढलं आणि ‘व्हाइट मझल’ या घोड्याला जेमतेम मानेच्या अंतराने मागे टाकून ती जिंकली.

पण तिचं खरं नाव झालं ते धावणं थांबल्यावर. घोडीचा गर्भकाळ साधारण अकरा महिन्यांचा आणि एका वेळी शिंगरू एकच. थरोब्रेडच्या नोंदवहीत कृत्रिम रेतनाने झालेल्या किंवा दुसऱ्या घोडीच्या पोटात वाढवलेल्या शिंगराला जागाच नाही. म्हणजे नैसर्गिक मीलन आणि वर्षाला फार तर एक शिंगरू. पैदाशीचा नर एका हंगामात शंभराहून जास्त घोड्यांशी जुळवला जातो. मादीला ती सोय नाही. अर्बन सीचं पहिलं शिंगरू १९९६ चं, शेवटचं २००९ चं. चौदा वसंत ऋतू, म्हणजे चौदापेक्षा जास्त शिंगरं होणं शक्यच नव्हतं.

एवढ्याशा संख्येतून काय निघालं पहा. १९९८ साली जन्मलेल्या गॅलिलिओने २००१ ची इंग्लंडची डर्बी जिंकली. त्याचा सख्खा भाऊ ब्लॅक सॅम बेलामी अव्वल दर्जाच्या दोन शर्यती जिंकला. सख्खी बहीण ऑल टू ब्यूटिफुल २००४ च्या ओक्समध्ये दुसरी आली. वेगळ्या बापाची मुलगी माय टायफून अमेरिकेत अव्वल दर्जाची शर्यत जिंकली. आणि २००६ साली जन्मलेल्या ‘सी द स्टार्स’ने २००९ मध्ये सहा महिन्यांत सहा मोठ्या शर्यती मारल्या. त्यांतली शेवटची होती आईने सोळा वर्षांपूर्वी जिंकलेली तीच आर्क.

"बघा, खाण तशी माती!" असं म्हणावंसं वाटतं ना? जरा थांबू. आधी जे खात्रीने सांगता येतं ते पाहू.

घोड्याच्या केसांत काळं रंगद्रव्य तयार होऊ देणारं एक जनुक असतं. त्याचं प्रभावी रूप ‘ई’ म्हणू आणि अप्रभावी रूप ‘इ’. ‘इइ’ अशी जोडी असलेल्या घोड्याच्या केसांत काळं रंगद्रव्य तयारच होत नाही, म्हणून तो तांबडा. अर्बन सी तांबडी, म्हणजे ती ‘इइ’. तिच्याकडे देण्यासारखं ‘इ’ सोडून दुसरं काही नव्हतंच. गॅलिलिओ मात्र काळ्या आयाळीचा, काळ्या पायांचा. याचा अर्थ बापाकडून त्याला ‘ई’ मिळालं आणि आईकडून ‘इ’. तो ‘ईइ’ असणारच. न पाहता, न तपासता, निव्वळ तर्काने आपण त्याच्या एका जनुकाची जोडी ओळखली! पुढे याची पडताळणीही होते. गॅलिलिओचा मुलगा न्यू अप्रोच २००८ ची डर्बी जिंकला, आणि तो तांबडा होता. सी द स्टार्सही काळ्या आयाळीचा. त्याचा मुलगा स्ट्रॅडिव्हेरियस २०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षं अॅस्कटचा गोल्ड कप जिंकला, आणि तोही तांबडा. या दोन नातवांना बापाकडून मिळालेलं ‘इ’ हे त्यांच्या आजीचं, अर्बन सीचं. यात शंकेला जागा नाही. फळ्यावर ही वंशावळ काढून मुलांना जोड्या भरायला सांगा. वाटाण्यांपेक्षा घोडे त्यांना जास्त आवडतील.

आता हीच रीत वेगाला लावता येईल का? येत नाही. रंगाचा हा फरक एका जनुकावर ठरला. वेग हृदय, फुप्फुसं, स्नायू, हाडांची ठेवण, स्वभाव अशा असंख्य गोष्टींवर ठरतो आणि त्या प्रत्येकामागे अनेक जनुकं आहेत. २०१० साली डब्लिनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की स्नायूंची वाढ आवरणारं मायोस्टॅटिन नावाचं एक जनुक घोडा छोट्या अंतराला चांगला की लांबच्या, हे बऱ्याच अंशी ठरवतं. पण ‘कुठल्या अंतराला चांगला’ आणि ‘किती चांगला’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर देणारं एकच जनुक नाही.

घोड्याच्या गुणसूत्रांच्या जोड्या ३२. प्रत्येक जोडीतलं एक बीजांडात जाणार, कुठलं ते नशिबावर. म्हणजे एकाच घोडीच्या बीजांडांचे प्रकार दोनाचा ३२ वा घात, सुमारे ४३० कोटी. गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदलतात ते यात धरलेलंच नाही. गॅलिलिओ, ब्लॅक सॅम बेलामी आणि ऑल टू ब्यूटिफुल यांचे आईबाप तेच. तरी एक डर्बीचा विजेता, दुसरा उत्तम, तिसरी उपविजेती. "तुझा मोठा भाऊ बघ कसा होता," असं वर्गात आपणही कधीतरी म्हणून जातो. त्या वेळी ही तीन भावंडं आठवावीत.

शिवाय जनुकांखेरीज खाणं, प्रशिक्षण, दुखापती हेही आहेच. १९८८ साली आयर्लंडच्या दोन शास्त्रज्ञांनी हजारो घोड्यांच्या नोंदी तपासून अंदाज काढला, की शर्यतीतल्या गुणवत्तेतल्या फरकांपैकी साधारण एक-तृतीयांश आनुवंशिक असावा. याचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा सर्व घोड्यांची सरासरी ६० गुण आहे आणि आईबाप दोघेही १२० गुणांचे. शिंगरू १२० चं होईल का? सरासरीपेक्षा आईबाप ६० ने जास्त, त्याचा एक-तृतीयांश २०. म्हणून अशा जोडप्यांच्या शिंगरांची सरासरी ८० च्या आसपास यावी. चांगली खरी, पण आईबापांइतकी नव्हे. त्या सरासरीभोवती काही शिंगरं १३० ची निघतील, काही ४० ची. श्रीमंत मालक प्रचंड पैसा मोजतात तो या ८० साठी, आणि स्वप्न पाहतात १३० चं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे अमेरिकेची झेन्याटा. २० शर्यतींत १९ विजय! धावण्यात ती अर्बन सीहून कितीतरी सरस. पण तिच्या एकाही शिंगराने मोठी शर्यत जिंकली नाही. थोडक्या शिंगरांत नशिबाचा वाटा फार मोठा असतो. नाणं दहा वेळा उडवलं तर सात वेळा छापा येऊ शकतो, हजार वेळा उडवलं तर सातशे वेळा येत नाही.

मग अर्बन सीचं यशही निव्वळ नशीब का? मला तसं वाटत नाही. बाप बदलले तरी शिंगरं चांगली निघत राहिली, आणि सगळ्यांत समान होती ती आईच. तिची आई अॅलेग्रेटा हिच्याच पोटी किंग्ज बेस्ट हा २००० सालचा टू थाउजंड गिनीजचा विजेता झाला. पण हेही खरं की अर्बन सीसाठी निवडलेले नर पहिल्यापासून उत्तमांपैकी होते, आणि शिंगरांना प्रशिक्षकही नावाजलेले मिळाले. आणखी एक, आई फक्त जनुकं देत नाही. १९३८ साली केंब्रिजमध्ये वॉल्टन आणि हॅमंड यांनी अवाढव्य शायर आणि बुटक्या शेटलंड घोड्यांचा संकर केला. शायर आईच्या पोटची शिंगरं शेटलंड आईच्या शिंगरांपेक्षा जन्मतःच कितीतरी मोठी निघाली. संकर दोन्हीकडे तोच, फरक होता तो गर्भाशयाचा.

गॅलिलिओ पुढे बारा वेळा ब्रिटन-आयर्लंडमधला अग्रगण्य पैदाशीचा घोडा ठरला. अव्वल दर्जाच्या शर्यती जिंकणारी त्याची अपत्यं नव्वदहून जास्त. चौदा शर्यतींत चौदा जिंकणारा फ्रँकेल त्याचाच मुलगा. २०२१ साली तो मेला तेव्हा आईची जनुकं त्याच्यामार्फत जगभर पोचली होती. आईला स्वतःला ते कधीच जमलं नसतं. मात्र पेशीतली मायटोकॉण्ड्रिया अपत्यांना फक्त आईकडून मिळतात, म्हणून गॅलिलिओच्या हजारो मुलांपैकी कुणालाही अर्बन सीच्या मायटोकॉण्ड्रिया त्याच्याकडून मिळालेल्या नाहीत. त्या पुढे नेल्या मेलिका, ऑल टू ब्यूटिफुल, माय टायफून या मुलींनी.

अर्बन सी स्वतः आयर्लंडमध्ये मार्च २००९ मध्ये, शिंगराला जन्म दिल्यानंतर गेली. सी द स्टार्सच्या त्या सहा विजयांपैकी एकही तेव्हा झालेला नव्हता. शिंगरू वाचलं. त्याचं नाव ठेवलं ‘बॉर्न टू सी’. २०१२ च्या आयरिश डर्बीत तो दुसरा आला.