तटाखालची वेठ

मंगळवेढ्यात 1338 साली गावकुसाची भिंत कोसळून संत चोखामेळा गेले, असं परंपरा सांगते. भिंत बांधणारे हात गावकुसाबाहेर राहणाऱ्यांचे, वेठीचे. तिचा आसरा मात्र आतल्यांना. संरक्षणाच्या कामाचा भार सर्वांत दुबळ्यावर टाकण्याची ही रीत जगभर चालत आली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने व्यापलेल्या देशांतल्या लाखो नागरिकांना सक्तीने राबवलं. त्यानंतरच्या, 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराने कलम 51 मध्ये बजावलं, की ताबा घेणाऱ्या सत्तेने तिथल्या नागरिकांना लष्करी कारवाईत ओढणाऱ्या कामाला जुंपू नये आणि अठरा वर्षांखालच्या कुणावरही कामाची सक्ती करू नये. भारताने 1950 मध्ये या कराराला मान्यता दिली.

हा नियम परक्या सत्तेच्या ताब्यातल्या लोकांसाठी आहे, स्वतःच्या राज्यातल्या वेठीला तो कसा लागू होईल, असा आक्षेप कुणी घेईल. तो खरा आहे. तिथे आपलं संविधान कामी येतं. कलम 23 वेठबिगारीला बंदी घालतं. सार्वजनिक कारणासाठी राज्य सक्तीची सेवा लावू शकतं, पण केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेद न करता. ही अट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण मंगळवेढ्यात जिवावरचं काम जातीवरूनच वाटलं गेलं होतं.