चढ चौघांचा, उतार दोघांचा

जानेवारीतील पहाटे दिंडोरी परिसरातील द्राक्षबागांमधून धूर उठताना दिसला, की बाहेरगावच्या माणसाला आग लागल्याचा भास होतो. ती आग नसते. पारा घसरला की मण्यांना आणि वेलींना थंडीचा फटका बसू नये म्हणून शेतकरी बांधांवर शेकोट्या पेटवतात आणि रात्री बागेला पाणी सोडतात. यंदाच्या जानेवारीतील एका रविवारी अशाच धुरकट उजेडात, सकाळी सात वाजता, काही शे धावपटू एका कच्च्या रस्त्यावर उभे होते. त्यांत नाशिकचे चार मित्र होते. एक कापडाचे घाऊक व्यापारी, दुसरे औषधांचे वितरक, तिसरे स्टेशनरीचे दुकानदार आणि चौथे द्राक्षांचे व्यापारी. चौघांनीही पन्नाशी ओलांडलेली आणि चौघेही शाळेत एकाच बाकावर वाढलेले.

शर्यत एकवीस किलोमीटरची होती. मात्र डांबरी रस्त्यावरची नव्हती. आधी द्राक्षबागांच्या बांधांवरून, मग मुरमाड टेकडीवर, तिथून खाली उतरून पुन्हा बागांमधून परत, असा तिचा मार्ग. चार तासांत, म्हणजे अकरा वाजेपर्यंत, अंतिम रेषा गाठली तरच पदक मिळणार होते. सुरुवातीलाच सर्वांना एक गोष्ट बजावण्यात आली होती: घडाला हात लावायचा नाही. यामागे केवळ शिष्टाचार नाही. निर्यातक्षम बागांची नोंद अपेडाच्या ग्रेपनेट प्रणालीत असते आणि मालातील औषधांचा अंश तपासला जातो. फवारणीनंतर किती दिवसांनी माल खुडायचा, याचेही नियम असतात. जानेवारीत मण्यांत साखर भरत असते आणि वर्षाचे सारे गणित त्या घडांवर लटकलेले असते. पाहुण्याने त्या गणिताला धक्का लावू नये, इतकीच यजमानाची अपेक्षा असते.

द्राक्षमळ्यांतून धावण्याची कल्पना जगाला नवी नाही. फ्रान्समधील मेदॉक येथील मॅरेथॉन १९८५ पासून भरते. तिथे धावपटू चित्रविचित्र वेश करून ४२.१९५ किलोमीटर धावतात, वाटेत वाइनचे पेले रिचवतात आणि तरीही साडेसहा तासांत पोहोचण्याची अट पाळतात. दिंडोरीच्या वाटेवर पेल्यांत साधे पाणी आणि लिंबू-मीठ होते. या चौघांच्या पाठपिशव्यांत तर घरचे उकळलेले पाणी आणि खजूर होते.

मात्र त्या पिशव्यांपेक्षा जड असे काहीतरी दोघांच्या मनावर होते.

सप्टेंबर २०१९ मध्ये कापड व्यापाऱ्यांनी द्राक्ष व्यापाऱ्यांना चार लाख रुपये हातउसने दिले होते. ना चिठ्ठी, ना व्याज, शब्दावरचा व्यवहार. त्या पैशांतून बागलाणातील लवकर येणाऱ्या द्राक्षांसाठी बागायतदारांना विसार दिला गेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पाऊस कोसळला. मणी तडकले, घड कुजले आणि विसार शेतातच राहिला. मार्च २०२० मध्ये मुख्य हंगाम ऐन भरात असताना टाळेबंदी आली. माल दिसावरला गेला, पण त्याचे पैसे आले नाहीत. त्यानंतर द्राक्ष व्यापारी रविवारच्या कट्ट्यावर दिसेनासे झाले. कापड व्यापाऱ्यांनी एकदाही तगादा लावला नाही आणि एकदाही फोन केला नाही.

अखेर वितरक मित्राने चौघांची नोंदणी परस्पर केली, शुल्क भरले आणि दोघांनाही कळवले. होकार कोणी दिला नाही, नकारही दिला नाही. तीन महिने तयारी मात्र सुरू राहिली. कापड व्यापारी म्हसरूळला गजपंथाच्या पायऱ्या चढू लागले, वितरक आणि दुकानदार पांडवलेण्यांच्या टेकडीवर जाऊ लागले. द्राक्ष व्यापाऱ्यांना वेगळ्या सरावाची गरज नव्हती. पहाटे बागा पाहत बांधावरून फिरणे हे त्यांचे रोजचेच काम.

दुकानदार मित्राने शर्यतीपूर्वी एकच नियम सांगितला होता. चढ चौघांनी एकत्र चढायचा, उतार ज्याने त्याने आपल्या पायांनी उतरायचा.

टेकडीवर धावण्याचे शास्त्र सपाटीवरच्या उत्साहाला मानत नाही. चढावर पावले आखूड ठेवावी लागतात आणि श्वास तुटू लागला की सरळ चालावे लागते. तीव्र चढावर चालणारा मागे पडतोच असे नाही. तो पुढच्या वाटेसाठी भांडवल राखतो. चौघे व्यापारी असल्याने हे त्यांना पटकन उमगले. मांड्यांवर हात टेकत, कधी धावत, कधी चालत ते वर गेले. समोर दिंडोरीच्या अंगाला रामशेजचा कातळ उन्हात उजळत होता. १६८२ पासून काही वर्षे मोगली फौजेला झुंजवणारा हाच तो किल्ला. बाराव्या किलोमीटरला माथ्यावर पोहोचले तेव्हा घड्याळात नऊ वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. चढावर दोघे एकमेकांशी मोजून दोन वाक्ये बोलले होते आणि दोन्ही पाण्याविषयीची होती.

नवखा धावपटू बहुधा चढावर नव्हे, उतारावर फसतो. उतरताना शरीराचा भार झेलत मांडीचे स्नायू ताणले जातात आणि ताणले जात असतानाच त्यांना काम करावे लागते. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जी कळ येते, ती याचीच. कापड व्यापाऱ्यांचा सराव पायऱ्यांवरचा होता; सुटा मुरूम त्यांच्या पायांना अनोळखी होता. चौदाव्या किलोमीटरला पाय घसरला आणि पोटरीत असा गोळा आला की ते जागीच बसले.

दोन मित्र केव्हाच पुढे निघून गेले होते. द्राक्ष व्यापारीही एक वळण खाली उतरले होते. दगड गडगडल्याचा आवाज ऐकून ते थबकले आणि उतरलेली वाट पुन्हा चढून आले. न बोलता त्यांनी मित्राचे पाऊल हातात घेतले, टाच धरून बोटे नडगीकडे वळवली आणि गोळा सुटेपर्यंत ती तशीच धरून ठेवली.

"तू जा. तुझे पदक जाईल," कापड व्यापारी म्हणाले.

"जाऊ दे."

मग सात किलोमीटर चालणे आले. पहिली काही मिनिटे निःशब्द गेली. बागांच्या सावलीत शिरल्यावर द्राक्ष व्यापारी बोलू लागले.

"माल उचलला होता त्या शेतकऱ्यांचे आधी भागवले. त्यांची घरे त्या एका पिकावर होती. तुझे दुकान चालू होते."

"मग हे सांगायला पाच वर्षे का लागावीत?"

"रिकाम्या हाताने तुझ्या पेढीची पायरी कशी चढणार?"

"मी पैसे मागितले होते का?"

"नाही. तेच अवघड होते. पण एका लग्नात तू चारचौघांत म्हणालास, दिलेले बुडाले. ते माझ्यापर्यंत आले."

कापड व्यापारी थांबले. पोटरी पुन्हा दुखू लागली होती, पण थांबण्याचे कारण ते नव्हते. बाजारात माणसाची पत शब्दावर उभी असते आणि शब्दानेच खाली येते, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते.

"म्हणालो होतो," ते हळूच म्हणाले. "चूक माझी होती. पैसे द्यायला तुला उशीर झाला. मी बोलायला घाई केली."

अंतिम रेषेवर ते पोहोचले तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. कमान उतरवली जात होती आणि पदकांची पेटी बंद झाली होती. कमानीपाशी दोन मित्र हातात उपम्याच्या दोन ताटल्या धरून उभे होते. उपमा गार झाला होता, तरी ताटल्या त्यांनी कोणाला दिल्या नव्हत्या. चौघे एका बांधावर बसून जेवले. परतीच्या गाडीत पहिल्या हप्त्याची तारीख ठरली. व्याजाचा उल्लेख कोणी केला नाही.

पुढचा रविवार उजाडला तेव्हा दोघांच्याही मांड्या अजून थोड्या कुरकुरत होत्या. तरीही सहा वाजता पांडवलेण्यांच्या पायथ्याशी चार दुचाकी लागल्या होत्या.