मलम बदलण्यापूर्वी : घोडीच्या पायांवरच्या खपल्या

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीला लागूनच बजाजनगर आहे. दुचाकींच्या या गावातही वरातीला घोडीच लागते. घोडी पाळणाऱ्याची कमाई मुख्यतः तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या लग्नसराईवर अवलंबून असते. त्याआधीचा पावसाळा मात्र घोडीला चिखलात काढावा लागतो. नेमक्या याच काळात खुराच्या वर, पायाच्या मागच्या बाजूला असलेल्या त्वचेच्या घडीत खपल्या धरतात. केस गळतात, भेगा पडतात, घोडी पाय टेकवायला कचरते. मलम लावले की आठवडाभर बरे वाटते आणि मग पुन्हा तेच सुरू होते. असे का होते?

ताप हे जसे रोगाचे नाव नव्हे, तशाच खपल्या हेही केवळ लक्षण आहे. त्यामागची कारणे निरनिराळी असतात. त्यांतील तीन आपण पाहू.

पहिले कारण म्हणजे डर्माटोफिलस काँगोलेन्सिस हा जिवाणू. व्हॅन सासेगेम यांनी 1915 मध्ये तत्कालीन बेल्जियन काँगोतील गुरांच्या त्वचारोगात त्याचे वर्णन केले. हा जिवाणू असला तरी बुरशीसारखे तंतू तयार करतो. कोरड्या खपलीत तो दीर्घकाळ तग धरून राहतो. खपली भिजली की त्यातून पोहणारे सूक्ष्म बीजाणू बाहेर पडतात आणि नव्या जागेकडे जातात. धडधाकट, कोरड्या त्वचेत मात्र त्यांना सहसा शिरकाव करता येत नाही. त्यासाठी त्वचा ओलाव्याने मऊ पडलेली किंवा खरचटलेली असावी लागते.

मराठवाड्यातील काळी माती इथे भर घालते. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज आपल्या थरांमध्ये पाणी शोषून फुगते. त्यामुळे हा चिखल पायाला चिकटतो आणि लवकर वाळत नाही. त्यात जागाही घडीची. वर्गात दोन सारखे हातरुमाल भिजवून पिळा. एक पसरून ठेवा, दुसरा चार घड्या घालून. कोणता आधी वाळतो, हे मुलांना तासाभरात दिसेल. ओल्या त्वचेवर तेलकट मलम थापले तर काय होईल, हेही त्यांना विचारा. ओल आतच कोंडते!

दुसरे कारण सूर्यप्रकाशाशी निगडित आहे. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असलेला पंचकल्याणी घोडा आपल्याकडे शुभ मानतात. गुलाबी कातडीच्या पांढऱ्या नुकरा घोड्यांनाही वरातीसाठी मागणी असते. पण अशा कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य नसते, त्यामुळे तिला उन्हापासून संरक्षण मिळत नाही. हिरवा चारा पचताना हरितद्रव्यापासून फायलोएरिथ्रिन नावाचा पदार्थ तयार होतो. निरोगी यकृत तो पित्तावाटे बाहेर टाकते. यकृत बिघडले की तो रक्तातून त्वचेत पोहोचतो, आणि ऊन पडताच रंगहीन त्वचा भाजल्यासारखी होते. घाणेरी खाल्लेल्या गुरांत हा प्रकार सर्वज्ञात आहे. यकृत बिघडलेल्या घोड्यांतही तो घडतो. म्हणून जखमा फक्त पांढऱ्या भागावर असतील आणि शेजारची काळी कातडी स्वच्छ असेल, तर चिखलाबरोबर चारा आणि यकृत यांचाही विचार करावा लागतो.

तिसरे कारण 'बरसाती' या नावानेच ओळखले जाते. हॅब्रोनेमा हा कृमी घोड्याच्या जठरात राहतो. त्याच्या अळ्या लिदेतून बाहेर पडतात, लिदेत वाढणाऱ्या माशीच्या अळीत शिरतात आणि पुढे माशीबरोबर प्रवास करतात. माशी घोड्याच्या ओठांवर बसली तर त्या गिळल्या जाऊन पुन्हा जठरात पोहोचतात. ती जखमेवर बसली तर अळ्या तिथेच अडकतात आणि जखम महिनोन्‌महिने चिघळते. इथे मलमाइतकेच महत्त्वाचे आहे ते लीद रोज उचलणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने कृमिनाशक देणे.

मग करायचे काय? घोडीला दिवसातून काही तास तरी कोरड्या, उंचवट्याच्या जागी बांधावे. चिखल ओला असताना खरारा घासू नये. वाळल्यावर हलकेच झाडावा. खपल्या ओढून काढू नयेत. डॉक्टरांनी सांगितलेल्या सौम्य जंतुनाशक द्रावणाने त्या मऊ कराव्यात, सुटतील तेवढ्याच काढाव्यात आणि पाय स्वच्छ फडक्याने पूर्ण कोरडा करावा. पाय उगाच वारंवार धुणेही घातकच. गॅरेजमधले जळके ऑइल कधीही लावू नये. त्यातील विषारी द्रव्ये त्वचेला जाळतात आणि घोडी पाय चाटते तेव्हा पोटात जातात. हातमोजे वापरावेत, कारण डर्माटोफिलसची लागण माणसालाही होऊ शकते.

एका बाबतीत मात्र घरगुती उपाय करत बसू नये. पाय गरम होऊन सुजला, किंवा पायावर एका रेषेत गाठी उठून फुटू लागल्या, तर त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. अशा गाठी ग्लँडर्सच्या असू शकतात. हा रोग माणसाला होतो आणि प्राणघातक ठरू शकतो. 2006 मध्ये महाराष्ट्रातील घोड्यांमध्ये तो आढळला होता. त्याचे निदान हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. रोग सिद्ध झाल्यास घोड्यावर उपचार न करता त्याला दयामरण द्यावे लागते. या भीतीपोटी गाठी लपवल्या, तर घोडी हाताळणाऱ्या घरातल्या मुलांचा जीव धोक्यात येतो.

आमची शिक्षकांना एक सूचना आहे. वर्गात एखाद्याच्या घरी घोडी, बैल किंवा शेळी असेल, तर त्याला तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून आणायला सांगा. जखम नेमकी कुठे आहे? ती कोणत्या ऋतूत वाढते? शेजारच्या जनावरालाही आहे का? जनावराला हात न लावता, दुरून पाहून आणि घरच्यांना विचारून एवढी नोंद करता येते. ती वही डॉक्टरांना दाखवली, तर रोगाचे मूळ शोधायला त्यांना मोठी मदत होईल.