जुनी मारुती 800: कंपनीचा पार्ट की बाहेरचा?

मैंदर्गी-अक्कलकोट पट्ट्यात मारुती 800 अजून नेमानं धावतेय, आणि ते बघून फार बरं वाटतं. 1983 साली आलेल्या या गाडीचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं. तरी पार्ट मिळतात. मग घ्यायचा कुठला?

मुळात कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. बॉश, गॅब्रियल, ल्युकास टीव्हीएस यांच्यासारखे उत्पादक कारखान्यांना माल पुरवतात आणि तसाच माल आपल्या नावाच्या खोक्यातही विकतात. शॉकअप, प्लग, फिल्टर असा घेतला तर माझ्या मते काहीच बिघडत नाही, शिवाय बऱ्याचदा स्वस्त पडतो. आरसे, हँडल, बंपर तर बिनधास्त बाहेरचे लावा.

ब्रेक, स्टिअरिंग आणि टायमिंग बेल्ट यांत मात्र तडजोड नको. तिथं कंपनीचाच, नाहीतर नावाजलेल्या उत्पादकाचा.

रबराचं वेगळं. ते वापराविनाही म्हातारं होतं. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला अस्सल होजपाइपसुद्धा कुचकामी ठरू शकतो. हलकेच वाकवून पाहा, बारीक चिरा दिसल्या तर परत करा. लेबलवरची तारीखही वाचा.

आणि सोलापूरच्या उन्हाला घाबरून थर्मोस्टॅट काढून टाकू नका! तो काढला की इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त जातं. नवा आणलात की दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा आणि पाणी तापवा. उकळी फुटायच्या आधीच झडप उघडायला हवी.

खोक्यावरचा पार्ट नंबर जुन्याशी जुळवा, पक्की पावती घ्या. नकली माल कंपनीच्या खोक्यातही येतो.