प्रोस्टेटच्या एमआरआयमधील ओढ कशी काढतात?

पन्नाशी उलटलेल्या माणसाची लघवीची तक्रार सुरू झाली की डॉक्टर पीएसए ही रक्ततपासणी लिहून देतात, आणि आकडा वाढलेला निघाला की अनेकदा प्रोस्टेटचा एमआरआय. त्यातला डिफ्युजन हा भाग कर्करोग हुडकायला फार कामाचा. गाठीत पेशी दाटीने असतात, पाण्याच्या कणांना हालायला जागा कमी मिळते, म्हणून ती जागा चित्रात उजळ दिसते.

परंतु हे चित्र वाकडे येते. पीटर मॅन्सफील्ड यांनी १९७७ साली मांडलेल्या इको-प्लॅनर पद्धतीने एक काप सेकंदाच्या लहानशा अंशात उरकतात, म्हणजे रुग्णाच्या हालचालीचा फरक पडत नाही. ही घाई महाग पडते. प्रोस्टेटच्या लगेच मागे गुदाशय आहे. त्यात वायू असला की हवा आणि मांसाच्या सीमेवर चुंबकीय क्षेत्र किंचित बदलते व मशीन जागा चुकते. खुब्यात धातूचा सांधा असेल तर आणखी. तीन टेस्लाच्या मशीनची जाहिरात जोरात होते, पण चुंबक जितका जोरदार तितकी ही ओढही जास्त, हे त्यात लिहीत नाहीत.

कापडवाल्यांना हे समजावायला नको. स्टेंटरवर आडवा धागा कमानीत गेला की उभा सरळ राहतो, चौकडी मात्र जुळत नाही. इथेही ओढ मुख्यतः एकाच दिशेची. कापडाहून वाईट गोष्ट अशी की चित्र जिथे दबते तिथे उजेड साचतो, आणि उजेडावरच तर संशय! जिथे ताणले जाते तिथे खरी गाठ फिकी पडते. काही मिलीमीटरची चूकही बायोप्सीची सुई भलतीकडे नेऊ शकते.

यावर उपाय असा: तेच चित्र पुन्हा उलट दिशेने घेतात. पहिल्यात जे पुढे सरकले ते दुसऱ्यात तितकेच मागे. दोन्ही ताडून संगणक क्षेत्रातल्या फरकाचा नकाशा काढतो, प्रत्येक ठिपका मूळ जागी नेतो आणि साचलेला उजेडही वाटून देतो. मेंदूच्या चित्रांसाठीची ‘टॉपअप’ प्रणाली याच तत्त्वावर चालते. उलटे चित्र डिफ्युजनचा जोर न लावता घेतले तरी चालते, म्हणून वेळ थोडाच वाढतो.

अलबत, दोन चित्रांच्या मधल्या वेळेत वायू सरकला तर नकाशाच खोटा ठरतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी केंद्रात दोन गोष्टी विचाराव्यात: अशी दुरुस्ती तुमच्याकडे होते काय, आणि पोट साफ करून यायचे काय?