मूळ इंजिनाला नायट्रस : गॅरेजवाल्यांनी हात घालण्यापूर्वी

आपल्या समाजातील पुष्कळ घरांची चूल मोटार दुरुस्तीच्या धंद्यावर पेटते. कोकणातील कित्येक मेकॅनिक आखाती देशांत गॅरेजमध्ये काम करतात. इकडेही शर्यतीचे शौकीन गिऱ्हाईक उस्तादांकडे येऊन "गाडीला नायट्रस बसवून द्या" म्हणते. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींतून आलेल्या या प्रकाराची हवा २००१ सालच्या 'द फास्ट अँड द फ्युरियस' या चित्रपटाने जगभर पसरली. मजुरी चांगली मिळते, पण चूक झाली तर इंजिन जाते, प्रसंगी जीवही जातो. म्हणून या कामाची नीट माहिती हवी.

नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. तो जाळायला मदत करतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. इंजिनाच्या उष्णतेने तो विघटित होऊन हा ऑक्सिजन मोकळा होतो. ऑक्सिजन वाढला की पेट्रोलही त्याच प्रमाणात वाढले पाहिजे. ते कमी पडले की मिश्रण लीन होते, नॉकिंग सुरू होते आणि काही सेकंदांत पिस्टनला भोक पडते. ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली तर पुढचे सर्व नियम आपोआप समजतात.

किट दोन प्रकारचे असतात. ड्राय किट फक्त नायट्रस सोडते. जादा पेट्रोलची भिस्त गाडीच्या मूळ पंपावर आणि इंजेक्टरवर राहते. वेट किटमध्ये नायट्रस आणि पेट्रोल एकाच नोझलमधून, ठरलेल्या मापाच्या जेटने येतात. मूळ इंजिनासाठी एका नोझलचे लहान वेट किट बहुधा बरे, कारण पेट्रोलचे प्रमाण आपल्या हातात राहते. मात्र त्यालाही पेट्रोल मूळ पंपच देतो, म्हणून त्याचा दाब आधी मोजावा. कमी वेगात वेट किट चालवले तर मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल साचून बॅकफायर होतो, हेही विसरू नये.

किती ताकद वाढवावी? कंपनीच्या मूळ चार सिलिंडर इंजिनाला ३५ ते ५० हॉर्सपॉवर, तर अमेरिकेतील मोठ्या व्ही-८ इंजिनाला १०० ते १५० ही सर्वसाधारण मर्यादा मानतात. आपल्याकडच्या लहान गाड्यांचे इंजिनच मुळात ६०-८० हॉर्सपॉवरचे. त्यावर ५० चढवणे म्हणजे हमालाच्या पाठीवर दुप्पट पोते देणे होय. तिथे २५ च्या वर जाऊ नये. झिजलेल्या किंवा कॉम्प्रेशन कमी असलेल्या इंजिनाला तर हात लावू नये. दर ५० हॉर्सपॉवरमागे टायमिंग सुमारे २ अंश मागे घ्यावे, स्पार्क प्लग एक पायरी थंड घ्यावा आणि जास्त ऑक्टेनचे पेट्रोल वापरावे.

सोबत तीन स्विच हवेतच. पहिला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच नायट्रस सोडणारा. दुसरा, सुमारे ३००० आरपीएमच्या खाली आणि इंजिनाच्या वरच्या मर्यादेजवळ तो बंद ठेवणारा. तिसरा, पेट्रोलचा दाब घसरताच तोडणारा. पैसे वाचवण्यासाठी गिऱ्हाईक हे नको म्हणेल. तेव्हा काम आपणच नको म्हणावे.

सर्वांत मोठा धोका बाटलीचा. तिच्यात द्रवरूप नायट्रस असतो आणि कामाचा दाब ९०० ते ९५० पीएसआय धरतात. ३६.४ अंश सेल्सिअसच्या वर नायट्रस द्रव राहूच शकत नाही आणि दाब हजारावर जातो. मे महिन्यात आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीची डिकी याहून कितीतरी तापते. दाब वाढला की त्याच जेटमधून नायट्रस जास्त जातो, पेट्रोल मात्र तेवढेच राहते. म्हणजे पुन्हा लीन. म्हणून प्रेशर गेज लावावा, बाटली उन्हात ठेवू नये आणि दाब वाढवण्यासाठी तिला कधीही टॉर्चची ज्योत दाखवू नये, बाटली फुटते. सेफ्टी डिस्कची नळी गाडीबाहेर काढावी, कारण बंद गाडीत हा वायू भरला तर माणूस गुदमरतो. जोडांना तेल किंवा ग्रीस लावू नये. जुन्या अग्निशामकाची बाटली किंवा दवाखान्याचा सिलिंडर वापरू नये. भारतात सिलिंडर आणि त्यांचे भरणे गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येते. ते पाहणाऱ्या 'पेसो'चे मुख्यालय नागपुरात आहे.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा हे काम बंद ट्रॅकवर धावणाऱ्या शर्यतीच्या गाडीसाठीच घ्यावे. आखातात असलेल्यांनीही तिथल्या वाहतूक खात्याचा नियम आधी विचारून घ्यावा.

कारागीर बांधवांनो, गिऱ्हाइकाची गाडी आपल्याकडे अमानत असते आणि तीत बसणाऱ्याचा जीव त्याहून मोठी अमानत. जेटचे माप, टायमिंग आणि दिलेल्या सूचना कागदावर लिहून त्यावर सही घ्यावी. जे काम आपल्याला नीट येत नाही ते आधी जाणत्याच्या हाताखाली शिकावे. एक सौदा सोडल्याने रोजी जात नाही. गेलेली साख मात्र परत येत नाही.